गेमच्या परीक्षणात किंमत धरावी की नाही?

सोंगटी
गेली चार वर्षं एका छोट्या संकेतस्थळावर गेमची परीक्षणं लिहितो आहे. पोटापाण्यासाठी नाही, आवड म्हणून. परवा एका सात तासांच्या गेमबद्दल लिहिलं. गोष्ट अशी रंगवलेली की संपल्यावर दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पात्रं नुसती चालताना बघूनही कोण कुणावर रागावलंय ते कळावं, इतकं बारीक काम. पाचपैकी चार तारे दिले. खाली पहिलाच प्रतिसाद आला: "सात तासांना सत्तर डॉलर, आणि त्याबद्दल एक ओळ नाही? तुम्हाला फुकट मिळाला असणार."

फुकटच मिळाला होता. स्टुडिओने कोड पाठवला होता आणि तसं मी परीक्षणाच्या शेवटी लिहिलंही होतं. तरी तो प्रतिसाद डोक्यातून जात नाही.

माझं आजवरचं मत असं की किंमत हा गेमचा गुणही नाही आणि दोषही नाही. आज ७० डॉलरला असलेला गेम वर्षभरात सेलमध्ये निम्म्यावर येतो, आणखी दोन वर्षांनी १५ ला. गेम तोच राहतो. मग दर सेलला मी तारे वाढवत बसायचं का? 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच' दोन-अडीच तासांत संपतो. त्याला २०१८ साली ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला. तासाला किती पैसे पडले, या हिशोबाने बसलो असतो तर त्या गेमबद्दल काहीच सांगण्यासारखं उरलं नसतं.

तुम्ही परीक्षण वाचता तेव्हा त्यात किंमत असावी असं वाटतं का? तिच्यामुळे गुण कमी-जास्त व्हावेत का? मनापासून विचारतोय, कारण पुढचं परीक्षण अर्धवट लिहून ठेवलंय.

रातकिडा
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहीन, यावर बरंच बोलायचंय.

उंटाची_चाल
परीक्षण कोण वाचतं हे आधी ठरवा. माझ्यासारखा माणूस 'विकत घ्या'च्या बटणावर बोट ठेवतो आणि दुसऱ्या खिडकीत तुमचं परीक्षण उघडतो. पैसे टाकू की थांबू, एवढंच मला हवं असतं. किंमत पुढे उतरते म्हणता, उतरतेच. पण मी आज विचारतोय. परीक्षणावर तारीख असते ना? मग त्या तारखेची किंमत लिहायला काय अडचण आहे?

दुसरं, ज्याच्या खिशातून काही गेलं नाही त्याला किंमत दिसत नाही. तुम्ही बेइमान आहात असं मी मुळीच म्हणत नाही. फुकट मिळालेल्या गेममधला कंटाळवाणा तासही सुसह्य वाटतो, आणि पैसे मोजलेले असले की तोच तास टोचतो. खेळण्याचा अनुभवच वेगळा होतो.

पिक्सेलवेडी
सोंगटी यांना +१. सिनेमाच्या परीक्षणात तिकिटाचा दर कुणी लिहितं का? कादंबरीच्या परीक्षणात पानामागे किती पैसे पडले ते मोजतं का? गेमला कला म्हणा म्हणून आपणच वर्षानुवर्षं भांडतो आणि परीक्षण मात्र मिक्सर घेतल्यासारखं हवं आपल्याला.

उंटाची_चाल
@पिक्सेलवेडी, सिनेमाची तिकिटं साधारण सारख्या दराची असतात, म्हणून लिहावं लागत नाही. गेमचं तसं नाही. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' पहिल्यांदा आला तेव्हा तीन डॉलरला होता, आणि त्याने २०२३ ला बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेम पटकावला. त्याच दुकानात शेजारी ७० डॉलरचा गेम ठेवलेला असतो. वीस-वीस पटींचा फरक असलेल्या वस्तूंना एकाच मापाचे तारे द्यायचे आणि दराबद्दल बोलायचं नाही, हे मला पटत नाही.

पिक्सेलवेडी
हा मुद्दा मान्य. सिनेमाची उपमा मागे घेते. मिक्सरची ठेवते. :)

आजोबा_२.०
पूर्वी ही पद्धत होती, मंडळी. १९८०च्या दशकात 'झॅप! ६४'सारखी ब्रिटिश मासिकं चित्र, आवाज, किती काळ खिळवून ठेवतो असे वेगवेगळे गुण द्यायची आणि त्यातच पैशाच्या मोबदल्याचेही गुण असायचे. त्याला कारण होतं. मास्टरट्रॉनिकसारखी कंपनी कॅसेटवरचा गेम १.९९ पौंडाला विकत होती आणि बाकीचे त्याच्या चौपट-पाचपट किमतीला. वाचक बहुतेक शाळकरी. त्यांना हे सांगावंच लागे.

महागाईबद्दलही थोडं. आजचे गेम फार महाग झाले असं सरसकट म्हणताना जरा मागे पाहा. १९९५ साली अमेरिकेत 'क्रोनो ट्रिगर'चं कार्ट्रिज ८० डॉलरच्या आसपास होतं, कारण चिपचाच खर्च मोठा. पुढे डिस्क आल्या आणि भाव ५० वर आला. २००५-०६ मध्ये तो ६० झाला आणि तिथे जवळपास पंधरा वर्षं थांबला. २०२० ला 'एनबीए २के२१'च्या नव्या कन्सोलसाठीच्या (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रासाठीच्या) आवृत्तीने ७० ची सुरुवात केली. २००६ चे ६० डॉलर म्हणजे आजचे ९० हून जास्त. छापील किंमत वाढली, पण खरी किंमत उतरलीच.

ओंकार_७
आजोबा, हिशोब बरोबर असेलही, पण पगार कुठे त्या हिशोबाने वाढतात? मी शिकतोय. चार महिन्यांत एक गेम घेतो. तो एक गेम मला चार महिने पुरायला हवा. म्हणून मी सरळ तास पाहतो. डॉलरला दोन तास मिळाले तर घ्यायचा, नाहीतर सोडायचा. परीक्षणात बाकी काही नसलं तरी चालेल, किती तास चालतो ते हवंच. कुणी याला अडाणी म्हणालं तरी चालेल.

चाळीशीतली_गेमर
ओंकार, अडाणी कोण म्हणेल रे! तुझ्या वयाची होते तेव्हा मीही हेच करायचे. एकच गेम तीनदा-चारदा संपवायचे.

आता माझी बाजू ऐक. दिवसभराचं सगळं आवरून रात्री पाऊण तास मिळतो मला. आठवड्यातून तीनदा. शंभर तासांचा गेम हातात घेतला की तो दहा महिने चालतो, आणि त्यातले निम्मे तास नकाशावरची चिन्हं पुसण्यात जातात. बारा कोल्ह्यांची कातडी आणा, सहा मनोरे चढा. ते तास कुणीतरी तुझ्या 'डॉलरला दोन तास'साठी भरलेले असतात. लांबी मोजायला लागलं की गेम लांब होतात, चांगले होत नाहीत. मी आता सात तासांच्या गेमला जास्त पैसे आनंदाने देते. सोंगटी यांचा तो गेम कोणता ते सांगा बाई लवकर.

तेव्हा परीक्षणात "सात तासांसाठी महाग" असं वाक्य आलं तर ते तुझ्यासाठी खरं आणि माझ्यासाठी खोटं. गुण कुणाच्या खिशाने आणि कुणाच्या घड्याळाने द्यायचे?

ओंकार_७
ताई, हे लक्षात आलं नव्हतं. पण मग किंमत, तास, आणि त्यातले भरीचे किती, हे तिन्ही लिहा. आम्ही आपापला हिशोब करू.

सोंगटी
@ओंकार_७, "भरीचे किती" हे लिहायचं सुचलं नव्हतं. नोंद केली.

टेस्टरबाबा
मी गेमची चाचणी करण्याचं काम करतो. टेबलाच्या पलीकडचं थोडं सांगतो.

तुमचे तारे फक्त घेणाऱ्यापर्यंत जात नाहीत. 'फॉलआउट: न्यू वेगास'चं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. सगळ्या परीक्षणांची सरासरी दाखवणाऱ्या मेटाक्रिटिकवर ८५ आली असती तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला बोनस मिळणार होता. आली ८४. ही गोष्ट २०१२ ला तिथल्याच क्रिस अ‍ॅव्हलोन यांनी स्वतः जाहीर सांगितली. आता एखाद्याने "गेम उत्तम, पण दहा डॉलर जास्त आहेत" म्हणून एक गुण कापला असं धरा. किंमत कोण ठरवतं? प्रकाशक. गुण कुणाचा जातो? ज्यांनी रात्री जागून गेम बांधला त्यांचा. माझ्या ओळखीतल्या एकाही टेस्टरला किंवा आर्टिस्टला गेमची किंमत काय असावी हे कधी कुणी विचारलेलं नाही.

आणि खर्च. २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट–अ‍ॅक्टिव्हिजन खटल्यात सोनीची कागदपत्रं नीट न झाकता दाखल झाली, त्यातून 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर असल्याचं बाहेर आलं. त्यात जाहिरात धरलेली नाही. प्रत्येक दगडावर पाणी पडल्यावर तो ओला दिसावा ही अपेक्षा आपणच वाढवत नेली. एका दृश्यात दार उघडताना हात मुठीवर नेमका बसावा म्हणून तीन माणसं आठवडाभर राबलेली मी पाहिली आहेत. परीक्षणात त्या दाराचा उल्लेख नसतो. मुठीवर हात बसला नाही तर मात्र त्याची क्लिप सगळीकडे फिरते.

उंटाची_चाल
टेस्टरबाबा, तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहे. पण पाण्याने भिजलेला दगड मी मागितला नव्हता. २०२५ च्या सप्टेंबरात 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' २० डॉलरला आला. मूळ टीम तीन माणसांची. पहिल्या तासांत स्टीमसह गेमची सगळी ऑनलाइन दुकानं गुडघ्यावर आली. त्याच वर्षी 'क्लेर ऑब्स्क्युर: एक्स्पीडिशन ३३' ५० डॉलरला आला आणि वर्षाचा सर्वोत्कृष्ट गेम ठरला. त्याच वर्षी ८० चाही प्रयोग झाला. 'मारिओ कार्ट वर्ल्ड'ने तो निभावला. 'द आउटर वर्ल्ड्स २'ची किंमत मात्र ८० जाहीर करून दीड महिन्यात ७० वर आणावी लागली. लोकांनी खर्च वाढवायला सांगितलं, हे मला मान्य नाही.

टेस्टरबाबा
'सिल्कसाँग' २० ला विकणं सगळ्यांना परवडत नाही हेही लिहा. आधीचा गेम लाखोंनी खपलेला, टीम छोटी, डोक्यावर कुणी गुंतवणूकदार नाही. त्याची तारीख जाहीर झाल्यावर कित्येक छोट्या स्टुडिओंनी आपल्या गेमच्या तारखा पुढे ढकलल्या. आता त्यातलं कुणी २५ लावले की "सिल्कसाँग तर २० ला होता" हेच ऐकावं लागणार. स्वस्त किमतीचा मारही कुणाच्या तरी पाठीवर पडतो.

उंटाची_चाल
हे मात्र खरं. अमान्य करत नाही.

मीनल
मी गेमर नाही. मुलगा आहे, अकरा वर्षांचा, म्हणून हा धागा वाचत होते. मला एक सांगावंसं वाटतं.

त्याने घेतलेला गेम फुकट होता. किंमत शून्य. सोंगटी यांच्या पद्धतीने पाहिलं तर विषय संपला, ओंकारच्या पद्धतीने पाहिलं तर त्याहून चांगला सौदा नाही. तीन महिन्यांनी कार्डाचं बिल पाहिलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. त्याला मी रागावले, मग शेजारी बसून सगळं समजावून घेतलं. गेममध्ये पैसे पैसे म्हणून दिसतच नाहीत, रत्नं दिसतात. वस्तू आठशे रत्नांची, आणि रत्नं मिळतात पाचशेच्या किंवा हजाराच्या थैलीत. प्रत्येक वेळी थोडी उरतात. उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा थैली. अकरा वर्षांच्या मुलाला यात कुठे थांबायचं ते कसं कळावं? मलाच दोनदा कागदावर मांडावं लागलं.

त्या गेमची परीक्षणं नंतर शोधून वाचली. सगळी छान होती. रंग छान, नियंत्रण सोपं, मुलांसाठी उत्तम. थैल्यांबद्दल एकात अर्धी ओळ होती. मला ती परीक्षणं वाचून जेवढा राग आला तेवढा गेम बनवणाऱ्यांचाही आला नाही.

पिक्सेलवेडी
मीनलताई, वाचून गलबलले. हे तुमच्या एकटीचं नाही. 'फोर्टनाइट'मधली बटणं मुद्दाम फसवी ठेवून नको ती खरेदी करायला लावली, या प्रकरणात अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक-संरक्षण संस्थेने २०२२ च्या डिसेंबरात तो गेम बनवणाऱ्या एपिककडून २४.५ कोटी डॉलरचा परतावा कबूल करून घेतला. बेल्जियमने २०१८ लाच पैसे घेऊन उघडायच्या लूट बॉक्सला (आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांना) जुगार ठरवलं. मुलाचं कार्ड काढून टाकलंत ना? कन्सोलवर पालकांसाठी खर्चाची मर्यादा घालता येते, शून्यसुद्धा.

मीनल
हो, काढलं. मर्यादेचं माहीत नव्हतं, आजच बघते. आभार.

बारीक_आवाज
अवांतर होईल, तरी लिहितो. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांत ताकद नाही. गेम घेताना माझा पहिला प्रश्न किमतीचा नसतो, मला खेळता येईल का हा असतो. बटणं बदलता येतात का, सतत दाबून ठेवायचं बटण एकदा दाबून चालतं का. 'सेलेस्ट'सारख्या अवघड गेमने २०१८ लाच असिस्ट मोड देऊन वेग कमी करायची सोय केली, आणि त्यामुळे कुणाची मजा गेली नाही. मोठमोठ्या परीक्षणांत दोन हजार शब्द असतात आणि यातला एक नसतो. मग मी परतावा घेतो. स्टीमवर चौदा दिवस आणि खेळण्याचे दोन तास मिळतात, पण त्यातला तासभर सेटिंग शोधण्यातच जातो.

चाळीशीतली_गेमर
अवांतर कसलं! जो गेम खेळताच येत नाही तो कितीलाही महागच. सोंगटी, हेही नोंदवा.

खोपड्याचा_राजा
दोन तासांच्या परताव्यावरून आठवलं. २०२१ ला 'समर ऑफ ५८' नावाचा भयपट धाटणीचा छोटा गेम आला होता. दोन तासांच्या आत संपायचा. लोकांनी पूर्ण खेळला, चांगला आहे असं लिहिलं आणि पैसे परत घेतले. तो एकहाती बनवणाऱ्याने आपण गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवतोय असं जाहीर केलं. संपवून, आवडून परतावा घेणं ही शुद्ध चोरी आहे. ओंकार, तुला नाही म्हणत, पण "डॉलरला दोन तास" या हिशोबाचं टोक हे आहे.

ओंकार_७
मी असं कधीच केलेलं नाही. आवडला तर परत कशाला करायचा?

खोपड्याचा_राजा
माहीत आहे रे. रोख तुझ्यावर नव्हता, हिशोबावर होता. वाक्य चुकलं, क्षमस्व.

अर्धवट_सेव्ह
मला व्यावसायिक परीक्षणांची गरजच वाटत नाही. स्टीमवर पैसे मोजलेल्यांचे अंगठे दिसतात, शेजारी किती तास खेळले तेही दिसतं. तेवढं पुरतं.

पिक्सेलवेडी
पुरतं का खरंच? २०२० च्या जूनमध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' आला तेव्हा पहिल्या काही तासांतच मेटाक्रिटिकवर हजारो शून्यं पडली. गेम वीस-पंचवीस तासांचा. संपवून दिलेली ती शून्यं असूच शकत नाहीत. त्यानंतर मेटाक्रिटिकने खेळाडूंच्या गुणांसाठी ३६ तास थांबायचा नियम आणला.

अर्धवट_सेव्ह
आणि 'हेलडायव्हर्स २'? मे २०२४ मध्ये पीसीवाल्यांनी पीएसएन (सोनीच्या ऑनलाइन सेवेचं) खातं जोडलंच पाहिजे असं सोनीने सांगितलं. ज्या देशांत पीएसएन नाहीच, तिथल्या लोकांनी पैसे मोजून घेतलेला गेम बंद पडणार होता. स्टीमवर नापसंतीचे दोन लाखांहून जास्त लाल अंगठे पडले आणि तीन दिवसांत निर्णय मागे आला. एकाही समीक्षकाच्या लेखाने हे झालं नसतं. त्याची परीक्षणं तर फेब्रुवारीतच लिहून झाली होती, आणि ती उत्तम होती.

टेस्टरबाबा
त्या लाल अंगठ्यांमुळे निर्णय बदलला, बरोबर. पण ते अंगठे "हा गेम वाईट आहे" म्हणून पडले नव्हते. ती सह्यांची मोहीम होती. मोहिमेला माझा विरोध नाही. मात्र वर्षाने येणाऱ्या माणसाला त्या ढिगातून गेम कसा आहे हे शोधून काढता येत नाही.

रातकिडा
रुमाल टाकला होता, दोन रात्री उशिराने येतोय. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टींना आपण 'किंमत' हा एकच शब्द वापरतोय. एक, दुकानातल्या पाटीवरचा आकडा. दुसरी, गेम आपल्याकडून पैसे कसे काढतो ती रीत. पाटीवरचा आकडा गेमच्या बाहेर असतो. तो उतरतो, चढतो, प्रत्येकाला वेगळा जड जातो. चाळीशीतल्या ताई आणि ओंकार यांच्या बोलण्यातून हे आलंच. त्याबाबत सोंगटी बरोबर आहेत, त्याने तारे हलवू नयेत.

पण रीत गेमच्या आत असते. मीनलताईंची रत्नांची थैली हा गेमचा भागच आहे. कुणीतरी बसून आठशेचा आणि पाचशेचा मेळ बसणार नाही असं ठरवलं, जसं कुणीतरी उडी किती उंच जाईल ते ठरवतं. समीक्षक उडीवर दोन परिच्छेद लिहितो आणि थैलीवर अर्धी ओळ. ही समीक्षेचीच चूक आहे. ग्राहक मार्गदर्शनाची गोष्ट बाजूला ठेवली तरी.

आता अडचण. ही रीत समीक्षकाला बहुतेक वेळा दिसतच नाही. 'क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड' जून २०१९ मध्ये आला, परीक्षणं छापून झाली, आणि ऑगस्टमध्ये नाणी खऱ्या पैशांनी विकायला ठेवली. 'ग्रॅन टुरिस्मो ७'ला मार्च २०२२ मध्ये सुंदर परीक्षणं मिळाली. दोन आठवड्यांत एका अपडेटने शर्यतींचं बक्षीस कमी केलं, म्हणजे गाडी हवी तर जास्त घासा किंवा पैसे टाका. त्याच अपडेटमध्ये गडबड होऊन सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद राहिले, आणि शेवटी निर्मात्यांनी माफी मागून खेळाडूंना दहा लाख क्रेडिट दिले. 'ड्रॅगन्स डॉग्मा २'मधल्या पैशांनी घ्यायच्या वस्तूंची यादी परीक्षणं आल्यानंतर, गेम विक्रीला आला त्या दिवशी लोकांना दिसली. त्यातल्या वस्तू खेळूनही मिळत होत्या, तरी आधी सांगितलं नाही याचाच राग जास्त होता. तिन्ही वेळा समीक्षकांनी खेळलेला गेम आणि लोकांच्या हाती राहिलेला गेम एक नव्हता.

'सायबरपंक २०७७'चंही तेच. आधी फक्त पीसीच्या प्रती दिल्या, स्वतःचं चित्रीकरण दाखवायला मनाई. १० डिसेंबर २०२० ला गेम आला आणि जुन्या कन्सोलवरची दशा कळली. आठवड्याभरात सोनीने तो दुकानातून काढला. परीक्षणं खोटी नव्हती, ती दुसऱ्याच यंत्रावरच्या गेमची होती.

म्हणून सोंगटी, मला तुमचे तारे बदलायला नकोत. मला एवढं कळायला हवं की तुम्ही नेमकं काय खेळलात. कोणत्या यंत्रावर, कितवी आवृत्ती, गेममधलं दुकान उघडं होतं की बंद. आणि तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तो गेम उघडून बघा.

पिक्सेलवेडी
प्रचंड आवडला प्रतिसाद. उडी आणि थैलीचं वाक्य लिहून ठेवलं.

आजोबा_२.०
अनुमोदन. यात एक भर घालतो. आता आपण नक्की काय विकत घेतो हेही त्या रीतीतच येतं. 'द क्रू' २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ नंतर सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा गेला, कारण तो सर्व्हरशिवाय सुरूच होत नव्हता. त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. माझ्या कपाटातलं १९९० च्या दशकातलं कार्ट्रिज आजही लावलं की चालतं. "हा गेम इंटरनेटशिवाय चालतो का?" हे समीक्षकाने तपासायला अर्धा मिनिट लागतो. केबल काढायची आणि बघायचं.

टेस्टरबाबा
रातकिडा, पुन्हा बघण्याचा मुद्दा लाख मोलाचा. मी पूर्वी होतो त्या स्टुडिओत दुकानाचा भाग परीक्षणाच्या प्रतीतून काढून ठेवायला आम्हालाच सांगितलं होतं. कारण दिलं, "अजून तयार नाही." तो तयार होता, मीच तपासला होता. आजही ते मनाला लागून आहे. आणि उलट बाजूही आहे. 'नो मॅन्स स्काय' २०१६ मध्ये लोकांनी झोडपला, निर्मात्यांनी वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले, २०२४ अखेर स्टीमवरचं एकूण मत अतिशय अनुकूल झालं. जुनी परीक्षणं मात्र आहेत तिथेच आहेत. पुन्हा बघाल तर कधी कुणाचे गुण वाढतीलही.

उंटाची_चाल
रातकिडांचं विवेचन चोख आहे, पण आकड्याला इतकं सहज बाहेर काढू नका. २०२३ मध्ये 'स्टारफील्ड' १ सप्टेंबरपासून खेळायचा तर १०० डॉलरची आवृत्ती, ७० वाल्यांनी ६ सप्टेंबरपर्यंत थांबायचं. हा आकडा आहे की रीत? पाच दिवस आधी खेळण्याचे ३० डॉलर. बाकी डीएलसी (नंतर येणारा जादा भाग) वगैरे त्यात होतं, पण लोकांनी मोजले ते त्या पाच दिवसांसाठी.

रातकिडा
रीत. आणि परीक्षणात यायला हवी. इथे रेघ पुसट होते हे कबूल.

सोंगटी
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

माझं मत अर्धं बदललं. दुकानातल्या आकड्याने तारे हलवणार नाही, त्यावर अजून ठाम आहे, आणि टेस्टरबाबांनी सांगितल्यावर तर जास्तच. पण "किंमत माझा विषय नाही" असं म्हणून मी जे सगळंच बाहेर ठेवत होतो ते चुकीचं होतं. मीनलताईंचा प्रतिसाद वाचल्यावर माझी जुनी परीक्षणं चाळली. मुलांच्या एका फुकट गेमवर मीही तसंच लिहिलं होतं. रंगांचं कौतुक, आणि दुकानाबद्दल "खरेदीचे पर्याय उपलब्ध आहेत" एवढंच. काल रात्री तो गेम स्वतःच्या पैशांनी, दुकान उघडं ठेवून पुन्हा खेळायला घेतला. साडेतीन तासांत नऊ वेळा थैली समोर आली, त्यातली चार वेळा हरल्यानंतर लगेच. हे आता त्या परीक्षणात सगळ्यात वर जाईल, तारखेसह. तारेही उतरतील, कारण हा गेमचाच दोष आहे.

यापुढे प्रत्येक परीक्षणाच्या सुरुवातीला लिहीन: त्या दिवशीची किंमत, कोड मिळाला की विकत घेतला, यंत्र आणि आवृत्ती, माझे तास आणि त्यातले भरीचे किती, केबल काढल्यावर चालतो का, बटणं बदलता येतात का. तीन महिन्यांनी पुन्हा भेट.

त्या सात तासांच्या गेमचे चार तारे तसेच राहतील. भरीचा एक मिनिटही नाही त्यात.

उंटाची_चाल
चार तारे तसेच, पण "७० डॉलर, सात तास" आता ताऱ्यांच्या वर दिसणार ना? मग माझी तक्रार संपली. मी तो सेलमध्ये घेईन.

बारीक_आवाज
त्यात बटणं बदलता येतात का?

सोंगटी
@बारीक_आवाज, आत्ता उघडून पाहिलं. सगळी बदलता येतात. धावायचं बटण दाबून धरावं लागतं, पण सेटिंगमध्ये 'एकदा दाबा' असा पर्याय आहे, तिसऱ्या पानावर सगळ्यात खाली. दार ढकलायच्या दोन प्रसंगांत मात्र भराभर दाबावं लागतं आणि ते बंद करता येत नाही. पहिला प्रसंग सुरुवातीच्या वीस मिनिटांतच येतो, म्हणजे परताव्याच्या दोन तासांत तपासता येईल.

बारीक_आवाज
एवढं पुरे. आज रात्री घेतो.